यमुनेच्या पाण्याआधीची आठ वर्षं

महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा आणि यमुनेच्या पाण्याचा उल्लेख आहे. २०२३ साली ते गीत राज्यगीत झालं, पण इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे मराठी मंडळं आहेत तिथे ते त्याआधीपासून गायलं जातं. ते ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्वार येतो. माझ्या डोळ्यांसमोर घोडा येतो, आणि एक प्रश्न पडतो. यमुनेपर्यंत पोचलेला तो घोडा तयार व्हायला किती वर्षं लागली असतील?

आपल्या इतिहासलेखनाची एक खोड आहे. मोहीम सुरू होते त्या दिवशी घोडा जणू आकाशातून पडतो. सेनापती कोण, फौज किती, तह काय झाला हे सगळं येतं. घोडा मात्र गृहीत धरलेला असतो. आज मी उलट्या बाजूने जाणार आहे. दिल्लीची धडक १७३७ ची, आणि मी सुरुवात करणार आहे १७२९ पासून.

आधी धडक थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. १७३७ च्या वसंतात मल्हारराव होळकरांची तुकडी यमुनेपलीकडे गेली आणि सादतखानाकडून मार खाऊन परतली. मराठ्यांचा निकाल लागला असं समजून मोगली सरदार निर्धास्त झाले. बाजीरावांनी जड सामान बुंदेलखंडात मागे ठेवलं, समोरच्या मोगली फौजांना वळसा घातला, आणि जाट-मेवाती मुलखातून मार्चअखेरीस ते थेट दिल्लीच्या वेशीवर, कालकाजीच्या परिसरात उभे राहिले. दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारली असं परंपरेने सांगतात. आग्रा ते दिल्ली हे अंतर आजच्या रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे वळसे धरून रोज शंभर किलोमीटरच्या वर. तयार घोड्याला हे अशक्य नाही. मला मात्र त्या दोन दिवसांपेक्षा पुढचे दिवस महत्त्वाचे वाटतात. दिल्लीबाहेर लढाई झाली, आणि मोठी मोगली फौज यायच्या आत हेच घोडे पुन्हा खोगीर चढवून निघाले. एकदा जीव तोडून धावणारे घोडे पुष्कळ मिळतात. धावून, लढून, दुसऱ्या दिवशी परत धावणारा घोडा मिळत नाही, तो घडवावा लागतो.

आज लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा एक स्वतंत्र खेळ आहे. १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थांनी, आजचे घोडेही एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतात हे दाखवायला, सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्न गावापर्यंत घोडा नेला. त्यातून टेव्हिस कप ही शर्यत उभी राहिली: शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, आणि मुदत चोवीस तास. मधल्या टप्प्यांवर पशुवैद्य घोडा तपासतात, नाडी मोजतात, लंगडतो का पाहतात, आणि शंका आली तर तिथेच थांबवतात. शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी असते, आणि पुढे चालण्याच्या लायक नसलेला घोडा पहिला आला तरी बाद होतो. १७३७ ची कसोटी हीच होती, फक्त बाद होण्याचा अर्थ तेव्हा वेगळा होता.

या खेळाचा एक नियम आपल्या कामाचा आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या, १६० किलोमीटरच्या स्पर्धेत आठ वर्षांखालचा घोडा उतरवता येत नाही. सपाट मैदानावरच्या मैल-दीड मैलाच्या शर्यतींत दोन-तीन वर्षांची घोडी धावतात, आणि इथे आठ वर्षं! हे आजच्या डॉक्टरांचंच डोकं आहे असंही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचा एक अध्याय आहे. त्यात शिंगराला कोणत्या वयात किती तूप, किती दूध, किती जव द्यायचे याचं मोजमाप आहे, आणि घोडा चार किंवा पाच वर्षांचा झाला की पूर्ण वाढीचा आणि कामाजोगा होतो असं साफ सांगितलंय. त्याच अध्यायात स्वारीच्या घोड्याने दिवसाला किती अंतर जावं याचेही तीन दर्जे दिलेत: पाच, साडेसात आणि दहा योजनं. म्हणजे सर्वोत्तम घोड्याला कनिष्ठाच्या दुप्पट. घोड्याला पाचव्या वर्षी पक्के दात पूर्ण येतात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर त्यानंतरही थोडा काळ चालू राहते. कामाला लागायचं वय पाच आणि कमाल कामाचं वय आठ, या दोन आकड्यांत विरोध नाही. मधली तीन वर्षं हेच शिक्षण.

आता आठ वजा करा. १७३७ मध्ये आठ वर्षांचा असलेला घोडा जन्मला १७२९ साली. त्या वर्षी बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात गेले होते. आदल्या वर्षी पालखेडला निजामाला कोंडून झालं होतं. समजा त्या वर्षी भीमेकाठी एक शिंगरू जन्मलं. हे शिंगरू माझ्या कल्पनेतलं आहे, त्याचं कुठल्याही दफ्तरात नाव नाही. पण त्याच्याबरोबर आपल्याला वर्षं मोजता येतील.

पहिली दोन-अडीच वर्षं त्याला शिकवायचं काय? चालायचं. आईच्या मागे, दगडगोट्यांतून, नदीच्या उतारातून. भीमा, नीरा, माण, गोदावरी या खोऱ्यांतल्या घोड्यांचं ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात कौतुक केलंय. त्या घोड्यांत अरबी-इराणी रक्त मिसळलं असणार, कारण चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून घोड्यांचा व्यापार शतकानुशतकं चालत होता. पण रक्त अर्धंच काम करतं. उरलेलं काम जमीन करते. दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या शिंगराचं खूर टणक होतं. मोकळं हिंडणाऱ्या शिंगराची हाडं, कूर्चा आणि पायाच्या मागच्या बाजूचे कंडरे, ज्यांना आपण साध्या भाषेत पायाची शीर म्हणतो, ठाणावर बांधून वाढवलेल्या शिंगरापेक्षा मजबूत होतात, हे आजच्या अभ्यासातही दिसलंय. धनगरांच्या वाड्यातली तट्टं पाहा. दरवर्षी देशावरून कोकणात आणि परत, पाठीवर बिऱ्हाड, आणि शिंगरू आईच्या बाजूने चालतंय. त्याला कोणी शिकवत नाही, तरी त्याची शाळा चालू असते.

मग येतो चाबूकस्वार. हा शब्द ऐकून चाबूक ओढणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. चाबूकस्वार म्हणजे नवा घोडा स्वारीला तयार करणारा जाणकार. आपल्या शिंगराचं त्याच्याशी नातं १७३१-३२ च्या सुमाराला सुरू होईल. तिकडे डभईला बाजीराव आणि दाभाड्यांची लढाई होते आहे, आणि इकडे हे पोर अगाडी-पिछाडीच्या दोरांना सरावतंय, खुरं उचलू देतंय, खरारा करून घेतंय, तोबऱ्यातून चंदी खायला शिकतंय. नंतर लांब दोरीवर गोल फेऱ्या. याला कावा देणं म्हणतात. गनिमी कावा आपण सगळेच म्हणतो, पण घोड्याला गोल फिरवण्यालाही कावा म्हणतात हे किती जणांना ठाऊक असतं? वळसा घालणं, अंगावर येऊन निसटणं, परत दुसऱ्या बाजूने येणं, या लढण्यालाही तोच शब्द चिकटला यात मला नवल वाटत नाही.

आधी पाठीवर नुसती घोंगडी, मग खोगीर, मग तंग हळूहळू आवळायचा, आणि मग कधीतरी हलका स्वार. तोही थोडा वेळ, कदम चालीत.

इथून पुढे खरी अवघड गोष्ट सुरू होते. आजच्या खेळातले अनुभवी लोकही हीच सांगतात. जवान घोड्याला रोज व्यायाम दिला की त्याचं हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत सुधारतात. स्नायूंना आणखी काही महिने लागतात. कंडरे आणि हाडं पक्की व्हायला मात्र वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून अधिक लागतात. खुराचंही तसंच. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवं खूर येण्यात साधारण वर्ष जातं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घोडा दमत नाही, मान उंचावतो, लगाम ओढतो, अजून पळू का विचारतो. मालकाला वाटतं, झाला तयार. आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत धोक्यात असतो. त्याचा दम त्याच्या पायांच्या पुढे गेलेला असतो. याच काळात एखाद्या दिवशी चढाओढीने त्याला दौडवला, की महिन्याभराने पुढच्या पायाला गरमी येते, सूज येते, आणि एक चांगला घोडा जन्माचा लंगडा होतो. दमलेला घोडा लगेच ओळखू येतो. पायाची शीर आतून सैल होत असलेला घोडा त्याच दिवशी ओळखू येत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. हळू आणि लांब. पहिलं वर्षभर बहुतेक कदम आणि थोडी दुडकी. आधी अंतर वाढवायचं, वेग तोच ठेवायचा. अंतर पचलं की मग थोडा वेग. दोन्ही एकदम कधीच वाढवायचं नाही. लांब फेरीनंतर एक-दोन दिवस हलके. दर काही आठवड्यांनी एक आठवडा कमी काम, कारण घोडा घडतो तो विश्रांतीत. चढ चालीने, उतार त्याहून सावकाश. चौखूर उधळणं शेवटी, आणि मोजून. अमरकोशात घोड्याच्या पाच चालींना पाच वेगळी नावं आहेत, आणि बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात घोडे फिरवण्याच्या खेळाचं वेगळं प्रकरण आहे. तंजावरच्या सरस्वती महालात नकुलाच्या नावावरचं सचित्र अश्वशास्त्र आहे, आणि ते ग्रंथालय भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, वाढवलं हे तिकडच्या आपल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. चाल हा या परंपरेत नुसता वेग नव्हता. कोणत्या चालीत घोड्याला किती वेळ ठेवायचं ही विद्या होती. लांब पल्ल्यात राज्य चौखूर दौडीचं नसतंच, दुडकीचं आणि रवाल चालीचं असतं.

घोडा तयार झाला का हे ओळखायचं कसं? आजचा स्वार थांबल्यावर नाडी मोजतो. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण ३० ते ४० असते, धावताना ती दीडशेच्या पुढे जाते. स्पर्धेत मधल्या थांब्यावर ती ठरावीक मिनिटांत ६४ पर्यंत उतरावी लागते. न उतरणारा घोडा कितीही ताजा दिसो, आत काहीतरी बिघडलंय असं धरतात. चाबूकस्वाराकडे घड्याळ नव्हतं. त्याच्याकडे तळहात, कान आणि घोड्याच्या बरगड्यांची हालचाल होती, आणि रोज तोच घोडा पाहणारी नजर.

आणि पाणी. उन्हात राबणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो, आणि त्याच्या घामात आपल्या घामापेक्षा मीठ जास्त असतं. म्हणून लांब पल्ल्याचं शिक्षण म्हणजे पायांइतकंच पोटाचं शिक्षण. वाटेत मिळेल ते पाणी पिणं, थोडं थोडं खाणं, गोंधळातही तोबऱ्यात तोंड घालणं, हे जवान घोड्याला शिकवावंच लागतं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शाळेत आपण हवालदार-जुमलेदार पाठ केले, पखालजी आणि नालबंद गाळले. मला ही सगळ्या रचनेतली सर्वांत शहाणी ओळ वाटते. पाणी आणि खूर, घोडा या दोन गोष्टींनी थांबतो, आणि दोन्हींसाठी पगारी माणूस.

महाराजांचं १९ मे १६७३ चं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र बहुतेकांना ठाऊक आहे, रयतेच्या काडीलाही हात लावू नका म्हणून. ते पत्र घोड्याच्या बाजूने वाचून पाहा. पावसाळा तोंडावर आहे, दाणावैरण मोजकी आहे, आताच सैल हाताने खर्च केलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमचं असेल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आग, चिलमी, दिव्याची वात पळवणारे उंदीर, इथपर्यंत त्यात काळजी आहे. राज्याभिषेक व्हायला वर्षभर आहे आणि राजा गवताच्या गंजीचा हिशेब लिहितोय.

पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला कूच, हे चक्र आपण सीमोल्लंघन म्हणून साजरं करतो. घोड्याच्या दृष्टीने तो वार्षिक विसावा होता. चार महिने हिरवी वैरण, पायांना आराम, नवं खूर. माझा अंदाज असा, की दसऱ्यानंतरच्या पहिल्या छोट्या मजला म्हणजे फौजेचा नुसता प्रवास नव्हता, घोड्यांची पुन्हा बांधणीही होती. मार्चमध्ये दिल्ली गाठणाऱ्या घोड्याच्या अंगात तोवर पाच महिन्यांची चाल मुरलेली होती.

हे सगळं करायला धीर लागतो, आणि धीर कुणाला असतो? शिलेदाराला. त्याचा घोडा स्वतःचा. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, घोडा मेला तर दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा मेला की रोजगार गेला, कदाचित गावाकडचं कर्जही फिटायचं राहिलं. मराठी स्वार घोड्याला जपून लढतो, वेळ पाहून पाय काढतो, असा शेरा युरोपीय लेखकांनी मारलाय, काहीसा तुच्छतेने. तो शेरा खरा आहे, आणि माझ्या मते त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याने शिंगरापासून घोडा वाढवला आणि पाच वर्षं हळू चालवला, तो दुपारच्या एका हल्ल्यासाठी त्याची माती करणार नाही. याची दुसरी बाजूही आहे. जिथे जागेवर पाय रोवून मरायचीच वेळ येते, तिथे ही वृत्ती फौजेला महाग पडते. कंपनी सरकारने मात्र हीच पद्धत उचलली. त्यांच्या हिंदी रिसाल्यांत शिलेदारी पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली.

या शिक्षणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर ही तट्टूभक्ती होईल. पानिपतावर नोव्हेंबर १७६० पासून जानेवारी १७६१ पर्यंत फौज कोंडली गेली, वैरण तुटली, आणि कोणत्याही चाबूकस्वाराने घडवलेला घोडा उपाशी पोटी उभाही राहू शकला नाही. आणि १८०४ च्या नोव्हेंबरात यशवंतराव होळकरांसारख्या वेगाच्या बादशहाला जनरल लेकच्या रिसाल्याने फर्रुखाबादेत पहाटे गाठलं. पंधरवड्यात सुमारे साडेतीनशे मैल, आणि शेवटची मजल पन्नास मैलांहून मोठी. इंदूरकरांना हे आवडणार नाही, पण लेकच्या घोड्यांनी त्या दिवशी मराठ्यांचीच विद्या मराठ्यांवर चालवली.

वेगाचा मोह आजही तसाच आहे. आखाती वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती इतक्या वेगवान झाल्या, आणि घोड्यांचे पाय मोडण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१५ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या अश्वक्रीडा संघटनेला काही काळ निलंबित केलं. आपल्याकडेही लांब पल्ल्याच्या स्पर्धा होतात आणि मारवाडी, काठियावाडी घोडे त्यांत उतरतात.

भीमथडीचं काय? मोठ्या तोफा ओढणारे, उंच स्वार वाहणारे घोडे सरकारला हवे झाले, मग रेल्वे आली, मोटार आली, आणि हे तट्टू धनगरांच्या बिऱ्हाडाखाली उरलं. अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, तेव्हापासून हौशी लोक पुणे-सोलापूरकडे शिंगरं शोधत फिरू लागलेत. मला जे विचारतात की तीन वर्षांचं भीमथडी आहे, यंदा ऐंशी किलोमीटरला उतरवू का, त्यांना मी नाही म्हणतो. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला हलका स्वार आणि कदम चाल. त्यानंतरच्या वर्षी दुडकी, आणि वीस-पंचवीस किलोमीटर. चाळीस किलोमीटर पाचव्या वर्षी, आणि त्यात पहिला नंबर काढायचा नाही. ऐंशीचा विचार सहाव्या-सातव्या वर्षी, पाय थंड आणि नाडी वेळेवर उतरत असेल तर. तोवर त्याला धनगरांबरोबर एक फेरी कोकणात पाठवता आली, तर जरूर पाठवा.